चवीपुरतं म्हणजे किती?

“मोजून-मापून स्वयंपाक करायला आपण काय अमेरिकन आहोत का?”

गेल्या सहा वर्षांत बॉस्टनच्या आसपासच्या मराठी स्वयंपाकघरांतून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की भूक मरते आणि भांडावंसं वाटतं. हा लेख भांडायलाच लिहिला आहे. तेव्हा नंतर कोणी ‘भावना दुखावल्या’ म्हणू नये.

निमित्त मागच्या गणपतीचं. दीडशे माणसांचा मसालेभात, भाड्याने घेतलेल्या शाळेचं स्वयंपाकघर, आणि मी ढवळायला. मुख्य आचारी म्हणजे आमच्या इथल्या एक काकू. पंचवीस वर्षं मसालेभात त्यांचाच, आणि तो खरंच उत्तम असतो. मी वही काढून विचारलं, “काकू, मीठ किती?” आजूबाजूला हशा पिकला. “अरे, पीएचडी झालास म्हणून काय मीठसुद्धा वहीत लिहिणार? अंदाजाने घालायचं!” काकूंनी डब्यात हात घातला, मुठी भरभरून मीठ पातेल्यात टाकलं. नैवेद्याचा भात, त्यामुळे चव बघायची सोय नाही.

भात अळणी झाला. चांगलाच अळणी. लोकांनी लोणच्याशी खाल्ला आणि निष्कर्ष काढला की इथल्या मिठालाच चव नाही. मी घरी येताना डबा पाहिला. कोणीतरी दुकानातून जाड कोशर मीठ आणलं होतं. हे मीठ खडबडीत आणि पोकळ असतं. काही प्रकारांत चमचाभर मिठाचं वजन नेहमीच्या बारीक मिठाच्या निम्मंच भरतं. काकूंचा हात अजिबात चुकला नव्हता. पंचवीस वर्षं जेवढं उचललं तेवढंच त्यांनी उचललं. फक्त त्या मुठीत या वेळी निम्मं मीठ आणि निम्मी हवा होती.

माझा वाद काकूंच्या मुठीशी नाही. ती मूठ म्हणजे जादू आहे, असं म्हणून वही बंद करायला लावणाऱ्यांशी आहे.

मी पोटासाठी प्रथिनं शुद्ध करतो. प्रत्येक प्रयोगशाळेत एक असा माणूस असतो ज्याच्या हातून एखादा प्रयोग हमखास जमतो आणि दुसऱ्या कोणाच्याही हातून जमत नाही. आमच्याकडे त्याचं कौतुक होतं, पण त्याहून जास्त काळजी वाटते. तो नोकरी सोडून गेला तर काय? त्याच्या हातात काय वेगळं घडतंय? तो बफर आधी गार करतो का, नळी जरा हळू हलवतो का, हे शोधून लिहून काढेपर्यंत ते काम अपुरं मानलं जातं. जे एकाच माणसाच्या हातून होतं ते ज्ञान अजून पूर्ण झालेलं नाही, एवढी साधी गोष्ट. स्वयंपाकघरात मात्र नेमक्या याच अपुरेपणाला आपण ‘हाताची चव’ म्हणतो, त्याला हार घालतो आणि हात जोडतो.

आता ‘आपण काय अमेरिकन आहोत का’ या प्रश्नाकडे येतो. माझ्या रोजच्या सायकलीच्या वाटेवर केंब्रिजमधली अर्व्हिंग स्ट्रीट लागते. हार्वर्डच्या मागची शांत, झाडांची गल्ली. तिथे १९६१पासून २००१पर्यंत एक सहा फूट दोन इंच उंचीची अमेरिकन बाई राहत होती. तिचं नाव ज्युलिया चाइल्ड. टीव्हीवरच्या पाककृतींच्या कार्यक्रमांचा इतिहास तिच्याशिवाय लिहिता येत नाही. तिचं स्वयंपाकघर आज वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. नवऱ्याने, म्हणजे पॉलने, तिच्या उंचीसाठी ओटे नेहमीपेक्षा उंच करून घेतले होते आणि भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक भांड्याची बाह्यरेखा काढली होती, म्हणजे कुठलं पातेलं कुठे अडकवायचं हे कोणालाही कळावं. ‘कोणालाही’ हा शब्द लक्षात ठेवा. या बाईची सगळी कारकीर्द त्या शब्दात आहे.

ज्युलियाचा जन्म १९१२ सालचा, तोही १५ ऑगस्टचा. कॅलिफोर्नियातलं पॅसाडेना, श्रीमंत घर, स्वयंपाकाला बाई. आजीकडून वारसा, आईच्या हाताखालचे धडे, पदर खोचून केलेली पहिली पोळी, असलं काहीही तिच्या चरित्रात नाही. दुसऱ्या महायुद्धात ती ओएसएस या अमेरिकन गुप्तचर संस्थेत कामाला लागली. तिथे तिच्या विभागात शार्क माशांना दूर ठेवणारं रसायन बनवण्याचे प्रयोग चालत आणि त्यात तिचा हातभार होता. म्हणजे बाईंची सुरुवातीची ‘पाककृती’ माशांनी खाऊ नये म्हणून केलेली होती! पुढे १९४४ साली ती सिलोनमध्ये कॅंडीला गेली. तिथे पॉल चाइल्ड भेटला, १९४६ला लग्न झालं, आणि १९४८ साली त्याच्या सरकारी नोकरीपायी दोघं फ्रान्सला पोचली. तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती आणि स्वयंपाक तिला जेमतेम येत होता.

छत्तीस. आपल्याकडे या वयाच्या बाईला पुरण वाटता येत नसेल तर नातेवाईक तिच्या आईचा उद्धार करतात, आणि पुरुषाला येत नसेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

१९४९ साली तिने पॅरिसच्या ल कॉर्दाँ ब्ल्यू या पाकशाळेत नाव घातलं. वर्गात युद्धावरून परतलेले अमेरिकन सैनिक, आणि शिकवायला मॅक्स ब्युन्यार नावाचे म्हातारे शेफ. अंतिम परीक्षेत ती पहिल्यांदा नापास झाली. अवघड पदार्थांची तयारी करून गेली होती, आणि विचारल्या गेल्या शाळेच्या पुस्तिकेतल्या अगदी साध्या कृती. त्या तिने पाठ केल्या नव्हत्या. भरपूर चिडली आणि पुन्हा परीक्षेला बसून पास झाली.

मग सिमोन बेक आणि लुइझेत बेर्तोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर तिने अमेरिकनांसाठी फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहायला घेतलं, आणि इथे ‘अंदाजाने’ या शब्दाशी तिची गाठ पडली. सिमोन, म्हणजे सिम्का, जन्माने फ्रेंच. तिचा भरवसा सवयीवर आणि जिभेवर. ज्युलियाचा भरवसा प्रयोगावर. दोघींची मैत्री जन्मभराची आणि खटकेही जन्मभराचे. हे असंच करतात कारण आमच्याकडे असंच करतात, हे उत्तर ज्युलियाने कधी पुरेसं मानलं नाही.

मेयोनेजचंच घ्या. थंडी पडली तसं तिचं हमखास जमणारं मेयोनेज फाटायला लागलं. आपल्याकडे कोणी म्हणालं असतं, “आज हात लागला नाही.” तिने पुन्हा पुन्हा मेयोनेज केलं. भांडं गार असलं तर काय होतं, कोमट केलं तर काय होतं, तेल केव्हा आणि किती वेगाने घालायचं, सगळं करून पाहिलं. खायचा कंटाळा आल्यावर ते संडासात ओतलं, पण थांबली नाही. शेवटी पुस्तकात उत्तर आलं ते असं: भांडं आधी गरम पाण्याने कोमट करून घ्या, आणि एका मोठ्या अंड्याच्या पिवळ्या बलकात जास्तीत जास्त पाऊण कप तेल मावतं, त्यापुढे गेलात तर फाटेल. नवखा माणूस हे वाचून पहिल्या खेपेला मेयोनेज करू शकतो. त्याच्या हाताला चव असायची गरज नाही.

तयार कृती ती अमेरिकेत पाठवत असे, केंब्रिजच्या एव्हिस डिव्होटो हिच्याकडे. या दोघींची ओळखसुद्धा सुऱ्यांबद्दलच्या एका पत्रातून झालेली. कारण उघड होतं. पॅरिसमधलं पीठ वेगळं, लोणी वेगळं, मलई वेगळी. तिथे जमलेली कृती अमेरिकेतल्या गृहिणीच्या ओट्यावर जमेलच असं नाही. पुढे दुसऱ्या खंडासाठी फ्रेंच पाव घरच्या ओव्हनमध्ये करायचा ठरवला तेव्हा तिने आणि पॉलने मिळून २८४ पौंड पीठ संपवलं. सव्वाशे किलोच्या वर! परक्या देशात, परक्या पिठावर, परक्या चुलीवर आपलं जेवण कसं उभं करायचं हा प्रश्न आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? आपण मात्र तो “इथल्या कणकेला ती मजा नाही” असा उसासा टाकून सोडवतो.

पहिला खंड १९६१ साली निघाला. त्याआधी बॉस्टनच्या प्रकाशकाने तो नाकारला होता. मग न्यूयॉर्कच्या नॉफमधल्या ज्युडिथ जोन्स या संपादिकेने तो उचलून धरला. ५२४ कृती, सातशेच्या वर पानं. पानाची मांडणी बघण्यासारखी आहे. डाव्या बाजूला त्या त्या टप्प्याला लागणारं साहित्य आणि मापं, उजव्या बाजूला कृती. माझ्या प्रयोगवहीचं पान याहून वेगळं नसतं. हे पुस्तक घरी नोकर नसलेल्या अमेरिकन माणसासाठी आहे, असं तिने प्रस्तावनेतच सांगून टाकलं. आता तुमच्या-माझ्या न्यू जर्सीच्या, डॅलसच्या, बे एरियाच्या स्वयंपाकघराकडे बघा. पोळ्यांना बाई नाही, सासू नाही, शेजारची मावशी नाही. ‘घरी नोकर नसलेला अमेरिकन’ म्हणजे आज आपणच आहोत.

आणि मग टीव्ही. डब्ल्यूजीबीएच या बॉस्टनच्या शैक्षणिक वाहिनीवर एका पुस्तकविषयक कार्यक्रमात तिला बोलावलं, तर बाई शेगडी घेऊन गेल्या आणि ऑम्लेट करून दाखवलं. लोकांची पत्रं आली, आणि ११ फेब्रुवारी १९६३ला ‘द फ्रेंच शेफ’ सुरू झाला. ती फ्रेंचही नव्हती आणि स्वतःला शेफही म्हणवत नव्हती. वाहिनीचा स्टुडिओ आगीत जळालेला, म्हणून चित्रण वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांच्या स्वयंपाकघरात. पैसे इतके कमी की भाग शक्यतो न थांबता एका दमात करायचा. तोपर्यंत ती पन्नाशीची झाली होती. कार्यक्रम दहा वर्षं चालला, १९६६ साली एमी मिळालं आणि त्याच वर्षी ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर ती आली.

त्या कार्यक्रमातला सगळ्यांत प्रसिद्ध क्षण कोणता? बटाट्याचं थालीपीठवजा काहीतरी तव्यावर उलटवताना तिचा अंदाज चुकतो आणि अर्धं शेगडीवर सांडतं. ती ते उचलून परत तव्यात ठेवते आणि सांगते की स्वयंपाकघरात तुम्ही एकटे आहात, बघतंय कोण! मग चुकलं का, तेही सांगते: उलटवताना तिची हिंमत कमी पडली. लोकांनी पुढे या गोष्टीची कोंबडी केली. कोंबडी जमिनीवर पडली आणि तिने ती उचलून वाढली, अशी दंतकथा आजही ऐकू येते. पडला होता बटाटा, तोही शेगडीवर. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पडणं नाही. लाखभर डोळ्यांसमोर पडल्यावर तिने कारण सांगितलं, हे आहे. आपल्या काकूंचा मसालेभात अळणी झाल्यावर कारण शोधायची हिंमत आमच्या अख्ख्या मंडळात नव्हती.

आता आक्षेप घेऊ. मला ते पाठ आहेत.

पहिला: तिच्याकडे पैसा होता, वेळ होता, मूलबाळ नव्हतं. मेयोनेज संडासात ओतणं आमच्या आईला परवडलं असतं का? हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो पूर्ण मान्य करतो. वडिलांच्या घरचा पैसा आणि पॉलसारखा नवरा नसता तर ज्युलिया चाइल्ड झाली नसती. पण यातून निष्कर्ष काय निघतो? आईला प्रयोग करायला सवड नव्हती म्हणून तिचं ज्ञान लिहायचं नाही? उलट, जिच्याकडे साधनं नव्हती तिचं काम लिहून ठेवायची जबाबदारी साधनं असलेल्यांवर, म्हणजे तुमच्या-माझ्यावर येते.

दुसरा: मोजणं ही आपली परंपरा नाही. हे साफ खोटं आहे, आणि याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिलं, हजार पाकक्रियांचं. १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली. घरातली वाटी आणि चमचा ही तिची मापं, आणि त्या मापांच्या जोरावर कितीतरी नवख्या संसारांचा स्वयंपाक उभा राहिला. लग्न होऊन परदेशी निघालेल्या मुलीच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ती असायची. आपल्या बायकांनी मोजायचं काम केव्हाच सुरू केलं होतं. आपण त्यांच्या पुस्तकांवर हळदीचे डाग पाडले आणि कौतुक मात्र ‘अंदाजा’चं केलं.

तिसरा: आता यूट्यूबवर सगळं आहे. आहे की. पण तिथे सांडलेला बटाटा कापून टाकलेला असतो. आणि मुख्य म्हणजे तिथे तुमची आत्या नसते.

माझी आत्या कराडला असायची. तिचा काळा मसाला आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा. दर उन्हाळ्यात ती तो भाजायची आणि आम्ही सगळे शिंकत अंगणात पळायचो. मी अमेरिकेत आल्यावर दरवर्षी डबा यायचा. फोनवर एकदा विचारलं होतं, “आत्या, दगडफूल किती घालतेस?” ती म्हणाली, “बघून घालते रे. तू ये, दाखवते.” मी गेलो नाही. पहिल्या वर्षी व्हिसा, दुसऱ्या वर्षी प्रयोग, तिसऱ्या वर्षी करोना. तिसऱ्याच वर्षी आत्या गेली. माझ्याकडे शेवटच्या डब्याच्या तळाशी दोन चमचे मसाला उरला आहे. प्रयोगशाळेतली यंत्रं त्यातली रसायनं सांगतील, पण खोबरं किती लाल होईपर्यंत भाजायचं आणि आधी तीळ की आधी धणे, हे कुठलंही यंत्र सांगणार नाही.

तेराव्याला सगळे म्हणाले, “तिच्या हाताची चव तिच्याबरोबर गेली.” किती सोयीचं वाक्य! या वाक्यात दोष कोणाचाच नाही. मी सांगतो दोष कोणाचा. पन्नास वर्षं तो मसाला खाऊन ज्यांनी कधी शेजारी बसून तो लिहून घेतला नाही, त्यांचा. म्हणजे वडिलांचा, काकांचा, आणि माझा. ‘हाताची चव’ म्हणून बाईचं कौतुक करणं पुरुषांना परवडतं, कारण चव हातात असली की शिकायची जबाबदारी संपते. हात तिचे, चव तिची, ओटाही तिचाच. आमच्याकडे फक्त दाद देण्याचं काम. ही दाद म्हणजे बाईला ओट्याला बांधून ठेवणारी दोरी आहे. रेशमी असेल, पण दोरीच.

गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा खिशात घडीचा छोटा वजनकाटा घेऊन गेलो. आई आधी हसली, मग वैतागली. “माझी परीक्षा घेतोस का?” म्हणाली. मी म्हटलं, “तुझी नाही, माझी.” ती नेहमीसारखी मूठ-मूठ तांदूळ घेत होती. प्रत्येक मूठ मी काट्यावर ठेवायला सांगितली. ४१ ग्रॅम. ४०. ४२. ४१. पाचव्या मुठीला आईच काट्याकडे बघायला लागली. एकसष्ट वर्षांच्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणी आकड्यात सांगत होतं की तिचं काम किती नेमकं आहे. माझ्या प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांच्या हातून पहिल्या महिन्यात इतकी सातत्याची मापं येत नाहीत, हे मी तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, पण संध्याकाळी फोनवर मावशीला म्हणाली, “माझी मूठ एक्केचाळीस ग्रॅमची आहे, तुझी किती?”

म्हणजे अंदाज ही जादू नव्हतीच कधी. ते मापच होतं, फक्त एका हातात कोंडलेलं. तो हात पुण्यात आहे तोवर ठीक. हाच हात बॉस्टनच्या कोशर मिठात घातला की भात अळणी. ‘तीन शिट्या’ हे माप आईच्या कुकरला आणि तिच्या गॅसला लागू आहे. माझ्या विजेच्या शेगडीवर तीन शिट्यांत डाळीचा लगदा होतो, कारण बंद केल्यावरही ती दहा मिनिटं तापलेली राहते. माप लिहिलं की चव मरते म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे की न लिहिलेली चव नक्की मरते. ती मेलेली मी पाहिली आहे.

मोजा, आणि मग हवं तर माप मोडा. ज्युलियाही कृती करून झाल्यावर चाखायची आणि बदलायची. पण ज्याला माप माहीत आहे त्यालाच ते मोडता येतं. बाकीचे नुसते चुकतात.

तर या वर्षीच्या गणपतीसाठी मी मंडळाला एक पत्र पाठवलं आहे. मागणी एकच: मसालेभात काकूंनीच करायचा, पण शेजारी काटा आणि वही घेऊन दोघांनी बसायचं. त्यातला एक पुरुष हवा. काकूंनी हात उचलला की पातेल्याआधी काट्यावर. कोणी हसलं तर कांदे त्याच्याकडे. काकूंना आधी फोन केला होता, कारण त्यांना वाईट वाटू नये. त्या म्हणाल्या, “ये बाबा, लिहून घे एकदाचं. माझ्या सुनेला विचारायचा संकोच वाटतो, आणि मला तरी किती वर्षं हे जमणार आहे?”